जेम्स प्रिन्सेप : सम्राट अशोकांच्या राजाज्ञा वाचणारा माणूस

सम्राट अशोकांनी आपल्या राजाज्ञा दप्तरात बंद ठेवल्या नाहीत. खडकांवर, स्तंभांवर कोरून त्या लोकांसमोर मांडल्या, ठरावीक दिवशी वाचून दाखवायला लावल्या. पण पुढे ती लिपीच विस्मरणात गेली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणला, तेव्हा त्यावरचा मजकूर कोणालाच वाचता आला नाही. दगड शाबूत, दस्तऐवज मुका!

तो बोलता केला जेम्स प्रिन्सेप यांनी. जन्म २० ऑगस्ट १७९९, इंग्लंड. वास्तुकला शिकत होते, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला आले, पुढे दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत होते. कलकत्त्याला परतल्यावर एशियाटिक सोसायटीचे सचिव झाले. दिवसा नाण्यांची पारख, उरलेल्या वेळात शिलालेखांचे ठसे.

१८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवरील लेखांच्या नकला त्यांच्यापुढे आल्या. लेख छोटे छोटे आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे. स्तूपावर इतके लोक एकच शब्द का कोरतील? तो शब्द होता ‘दानं’. तिथून बाकीची अक्षरे सुटत गेली आणि दिल्लीचा स्तंभ वाचला गेला. सम्राटाच्या राजाज्ञेची किल्ली साध्या उपासक-उपासिकांच्या, भिक्खुणींच्या दानाच्या नोंदींत होती, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

श्रेय त्यांच्या एकट्याचे नाही. लासेन यांनी एका नाण्यावरून काही अक्षरे आधीच ओळखली होती. अर्थ लावायला पंडित कमलाकांत सोबत होते. लेखातला ‘पियदसि’ हा सिलोनचा राजा असावा, असे प्रिन्सेप यांना आधी वाटले. सिलोनमधल्या टर्नर यांनी पाली ग्रंथांवरून तो अशोक असल्याचे दाखवले, तेव्हा प्रिन्सेप यांनी आपली चूक मान्य केली. आपल्याकडच्या किती अभ्यासकांना हे जमते?

अतिश्रमाने १८३८ मध्ये ते आजारी पडले, इंग्लंडला परतले आणि २२ एप्रिल १८४० रोजी वारले. वय अवघे चाळीस.

त्यांनी ओळखून दिलेल्या लिपीमुळेच १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याचा फुटका दगड अशोकांचा आठवा शिलालेख म्हणून ओळखता आला. नवव्याचा तुकडा मिळाला १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्या वर्षी. आम्ही मुलांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा शिलालेख दाखवायला नेतो. धम्मलिपीचा तक्ता हातात देतो. मुले आधी दगडावर आपल्या नावातली अक्षरे शोधतात.