सोलापूरचे डॉ. कोटणीस

आमच्या सास्तूर भागात दुखणे हाताबाहेर गेले की माणसाला सोलापूरला नेतात. सोलापूर म्हणजे आमच्या लेखी मोठे दवाखाने, चादरी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. त्याच सोलापूरचा एक डॉक्टर चीनच्या युद्धभूमीवर कामी आला, आणि तेथे त्याच्या समाधीवर आजही फुले वाहतात, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हते. चीनची राज्यक्रांती शिकवताना सरांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव घेतले. पुढे आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला जाणे झाले, तेव्हा भैय्या चौकातील त्यांचे घर पाहून आलो. ते घर आता स्मारक झाले आहे. तेव्हापासून हा माणूस मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. १९३० मध्ये ब्रिटिशांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिले. मार्शल लॉ लागला तेव्हा कोटणीस एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज माझे आहे त्याच वयाचे. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावच्या मुलाला परसत्तेचा जाच म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल! मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढील परीक्षेची तयारी करू लागले.

तिकडे चीनमध्ये काय चालले होते? जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथे भीषण कत्तल झाली. एकमेकांचे हाडवैरी असलेले चँग कै-शेक यांचे राष्ट्रीय सरकार आणि माओंचे साम्यवादी यांना तात्पुरती हातमिळवणी करावी लागली. साम्यवादी सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, चीनसाठी निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता. त्याचे ना परराष्ट्र खाते होते, ना वकिलात. तरीही दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी त्याने माणसे पाठवली. आपल्या परराष्ट्रसंबंधांच्या इतिहासातले हे पान मला फार मोलाचे वाटते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने पथक मुंबईहून निघाले. पहिले काही महिने हँकौ, इचांग, चुंगकिंग असे राष्ट्रीय सरकारच्या मुलखात काम झाले. चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. अशा वेळी मुलाने घरी परतावे, ही आपली रीत आहे. ते परतले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण ते परतले नाहीत. पथकाबरोबर ते साम्यवाद्यांच्या येनानकडे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये तेथे पोहोचले. पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हा शब्द होता. कोटणीस झाले 'के तिहुआ'.

यथावकाश इतर सहकारी परतू लागले. कोटणीस व बसू मागे राहिले. १९४० मध्ये जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या उत्तर चीनच्या डोंगराळ भागात कोटणीस गेले. त्या वर्षी साम्यवादी सेनेने जपान्यांवर मोठा हल्ला चढवला, तेव्हा त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. झोपेविना सलग शस्त्रक्रिया चालल्या. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद याच भागात काम करीत. शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या आरंभी कोटणीसांकडे आले.

मला सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या भाषेचे. अठ्ठावीस वर्षांचा हा गृहस्थ चिनी शिकला, आणि नुसता बोलू लागला असे नव्हे, तर त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागला, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहू लागला. इंग्रजीच्या पेपरची धास्ती घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे!

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ मध्ये ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. पण उपासमार, जागरण आणि श्रम यांनी प्रकृती ढासळली होती, अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. पाळण्यातले मूल पुरते चार महिन्यांचेही नव्हते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली.

पुढचा इतिहास मात्र गोड नाही. १९४९ मध्ये माओंची सत्ता आली, १९५४ मध्ये पंचशील झाले आणि १९६२ मध्ये त्याच चीनने आपल्यावर आक्रमण केले. माओंच्या धोरणांनी दुष्काळात चीनचीच कोट्यवधी माणसे मेली. २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान कामी आले. यिनहुआ वैद्यकाचा अभ्यास करीत असतानाच १९६७ मध्ये गेला. कुओ चिंगलान मात्र २०१२ पर्यंत जगल्या. चीनचे नेते भारतात येतात तेव्हा कोटणीसांच्या नातलगांना भेटतात, फोटो निघतात. मग वर्गात एका मित्राने विचारलेला प्रश्न उरतोच. ज्यांच्यासाठी हा मेला, तेच उलटले. मग काय मिळवले?

मी तेव्हा गप्प बसलो. उत्तर घरी सापडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव निजले असताना भूकंप झाला. सास्तूर ढिगारा झाले. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजीचा हात मोडला होता. तंबूत एका परमुलखातल्या डॉक्टरने तो बसवला. त्याला मराठी येत नव्हते, आजीला त्याचे नाव ठाऊक नाही. पण त्याच हाताने तिने पुढे तीस वर्षे भाकरी थापली. तो डॉक्टर कोणत्या पक्षाचा, त्याच्या राज्याचे आणि आपल्या राज्याचे पाण्यावरून भांडण आहे की काय, हे आजीने कधी विचारले नाही. कोटणीसांनी ज्यांचे पाय वाचवले, ते बहुतेक शेतकऱ्यांचे पोर होते. त्यांच्या सरकारने वीस वर्षांनी काय केले, याचा हिशेब कोटणीसांच्या खात्यावर मांडता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील म्हणतात, शिक, पण लांब जाऊ नको. सोलापूरच्या त्या घरातही मुलाची वाट पाहणारी माणसे होतीच. कोटणीसांनी केले ते थोर होते, पण त्याची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजली, हे आपण विसरू नये. शिकलेल्या माणसावर घराचा हक्क किती आणि जगाचा किती, हे मला ठरवता आलेले नाही. एवढे कळले आहे की, शिक्षण नुसत्या नोकरीपुरते नसते. सोलापूरला दवाखान्याच्या कामी जाणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती, परतीची एस.टी. धरण्याआधी तासभर भैय्या चौकात जाऊन या.