श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज

यंदाच्या स्मरणिकेत मी एका संताची हकिगत लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे मोठे तत्त्वज्ञान मला सांगता यायचे नाही. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

शेख महंमद हे मूळचे बीडकडचे, जन्माने मुसलमान. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही; आपल्या अभंगांतून उघड सांगितली. त्यांचे गुरू चांद बोधले. हे सुफी होते असे मानतात. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, अशी परंपरा आहे. म्हणजे नाथांचे आणि शेख महंमदांचे गुरुघर एकच म्हणायचे! शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी शेख महंमदांना गुरू मानले व श्रीगोंद्याला आणून मठ बांधून दिला, असे सांगतात. त्या गावाला तेव्हा चांभारगोंदे म्हणत.

१६४५ साली त्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला. तेव्हा तुकाराम महाराज हयात होते आणि शिवाजीराजे अवघे पंधरा वर्षांचे होते. ग्रंथ मराठीत, ओवीबद्ध, अठरा प्रसंगांचा आहे. नाव लढाईचे असले तरी त्यात राजाराजांचे युद्ध नाही. लढणारा आपलाच आत्मा आणि शत्रूही आपल्याच मनातले: काम, क्रोध, अहंकार.

आता सुफी तर प्रेमाची भाषा बोलतात. मग शेख महंमदांनी लढाई का मांडली?

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. इराकात बसरा शहरी आठव्या शतकात राबिया नावाची साध्वी होऊन गेली. तिची एक कथा सांगतात. एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे घेऊन ती निघाली. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभाने किंवा भीतीने नव्हे, तर केवळ प्रेमाने देवाला भजतील! सुफी कवींचे प्रेम ते हेच. त्यांच्या काव्यात प्रियकर येतो, विरह येतो, मद्याचा प्यालाही येतो. परंतु तो प्रियकर म्हणजे परमेश्वर. त्याच्या आणि आपल्या मध्ये एकच पडदा आहे, तो 'मी'पणाचा. तो गळल्याशिवाय भेट नाही. म्हणून शेख महंमदांची लढाई आणि सुफींचे प्रेम या दोन गोष्टी नव्हेतच. 'मी'शी लढणे हेच प्रेम करणे.

हे वाचले आणि मला आपले रोजचे वागणे आठवले. तिने हळदीकुंकवाला बोलावले नाही, मग मीही बोलावणार नाही. तिने शिरखुर्म्याची वाटी पाठवली, आता मला करंज्या पाठवायलाच हव्यात. घरातही मी इतके केले, माझे कोणी काय केले, ही वही चालूच असते. याला आपण माया म्हणतो खरे, पण वही ठेवली की तो व्यवहार झाला.

शेख महंमदांनी जसे अहंकाराला सोडले नाही, तसे ढोंगी गुरूंना आणि देवापुढे जनावरे कापणाऱ्यांनाही सोडले नाही. प्रेम म्हणजे सगळ्यांना गोड बोलणे नव्हे, हेही त्यांच्याकडून शिकावे.

श्रीगोंद्यात त्यांची समाधी आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे माथा टेकत आले. अलीकडच्या वर्षांत मात्र त्या जागेला मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून वाद पेटला. कायद्याचे मला कळत नाही. पण ज्यांनी जन्मभर 'माझे' या शब्दाशी झुंज दिली, त्यांच्याच समाधीवर 'आमचे, आमचे' व्हावे, याचे मनाला फार वाईट वाटते.

आपल्या तुळिंजमध्ये एकेका जिन्यावर चार गावांची, चार धर्मांची बिऱ्हाडे आहेत. पाणी गेले की सगळ्यांचेच जाते आणि लोकलची गर्दी कोणाची जात पाहत नाही. तेव्हा भगिनींनो, यंदाच्या हळदीकुंकवाला, जिने आपल्याला बोलावले नव्हते तिच्या दारात आधी जाऊ या.