फुलाचा धडा आणि फाब्र गुरुजी

दक्षिण फ्रान्समधल्या एका दरिद्री डोंगराळ शेतवस्तीवर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा हात पाठीमागे बांधून सूर्याकडे तोंड करून उभा होता. सूर्याचा हा लखलखाट आपल्याला डोळ्यांनी कळतो की तोंडाने, असा प्रश्न त्याला पडला होता. त्याने आधी डोळे गच्च मिटून तोंड उघडले. लखलखाट नाहीसा झाला. मग तोंड मिटून डोळे उघडले. लखलखाट परत आला. एकदा केल्याने खात्री पटेना, म्हणून त्याने तोच प्रयोग पुन्हा केला. संध्याकाळी घरी मोठ्या उत्साहाने हा शोध सांगितला, तेव्हा सारे घर हसले. आजी तेवढी कौतुकाने पाहत राहिली.

त्या मुलाचे नाव झाँ आंरी फाब्र. डिसेंबर १८२३ मध्ये आव्हेरों प्रांतातील सें-लेओं या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून आईवडिलांनी त्यांना काही वर्षे आजीआजोबांकडे मालावालच्या शेतावर ठेवले होते. पुढे गावच्या शाळेत नाव घातले गेले. ही शाळा म्हणजे एकच खोली. तीच वर्ग, तीच गुरुजींचे स्वयंपाकघर आणि तीच निजायची जागा. दार उघडे राहिले की कोंबडीची पिले आणि डुकराची पिले वर्गात शिरत. अशा शाळेत या मुलाला अक्षरे काही केल्या येईनात. शेवटी वडिलांनी शहरातून एक स्वस्त रंगीत तक्ता आणला. त्यावर प्रत्येक अक्षरासोबत एक प्राणी होता: गाढव, बैल, बदक. तो तक्ता घरातल्या खिडकीपाशी चिकटवला गेला आणि जे काम छडीला जमले नव्हते ते जनावरांनी काही दिवसांत केले. मुलांना जिवंत वस्तूपासून अक्षराकडे न्यावे, उलट नेऊ नये, ही गोष्ट फाब्र यांना कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून शिकावी लागली नाही.

त्यांचे बालपण मात्र लवकर संपले. बदकांची पिले तळ्यावर चारायला न्यावीत आणि येताना खिसाभर चकाकते दगड नि भुंगेरे घेऊन यावेत, त्यापायी खिसे फाटले म्हणून बोलणी खावीत, एवढीच काय ती चैन. वडिलांनी एकामागून एक गावांत खानावळी काढून पाहिल्या, त्या सगळ्या बुडाल्या. मुलाला जत्रेत लिंबे विकावी लागली, रेल्वेच्या बांधकामावर मजुरी करावी लागली. अखेर आव्हिन्योंच्या शिक्षक-विद्यालयाची शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि १८४२ मध्ये, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, कार्पांत्रा येथे ते प्राथमिक शिक्षक झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक. वर्गखोली दमट आणि अंधारी, समोर बसलेल्यांपैकी काही मुले वयाने गुरुजींच्या जवळपासची.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते याच वर्गामुळे, आणि तेही गुरुजींनी मुलांना काही दाखवले म्हणून नव्हे. मे महिना आला की आठवड्यातून एकदा फाब्र मुलांना गावाबाहेरच्या गोटेमाळावर जमीनमोजणी शिकवायला नेत. साखळी, खुंट्या, काठ्या असा सरंजाम बरोबर असे. पण खुंटी रोवायला धाडलेले पोर वाटेत थांबायचे, वाकायचे, भलताच दगड उचलून घ्यायचे. दुसरे एखादे खुंट्या विसरून गवताची काडी चोखत बसायचे. हा काय प्रकार, म्हणून गुरुजींनी चौकशी केली, तेव्हा कळले की माळावरच्या गोट्यांवर एक मोठी काळी माशी मातीचे घर बांधते आणि त्या घरातला मध काडीने ओढून घेता येतो. ही गवंडी जातीची मधमाशी मुलांना पुरती ठाऊक होती. नव्हती ती गुरुजींना. एखाद्या शिक्षकाने शिस्तभंग म्हणून काडी हिसकावून घेतली असती. फाब्र यांनी स्वतः मध चाखून पाहिला आणि त्या दिवशीची मोजणी अर्धी राहिली. त्या माशीचे नाव जाणून घेण्यासाठी त्यांनी पुस्तकविक्रेत्याकडून कीटकांवरचा एक सचित्र ग्रंथ घेतला. त्याची किंमत त्यांच्या एका महिन्याच्या पगाराएवढी होती.

गणित आणि पदार्थविज्ञानाच्या पदव्या त्यांनी घरी बसून, स्वतःच्या बळावर मिळवल्या. १८४९ मध्ये ते कॉर्सिका बेटावरील आयाचो येथे शिकवायला गेले. तेथे मोकँ-तांदों या निसर्गशास्त्रज्ञाने जेवणानंतर साध्या सुया घेऊन, पाण्याच्या बशीत गोगलगाय उकलून दाखवली. हातातल्या घरगुती वस्तूंनी प्रयोगशाळा उभी राहते, हा धडा त्यांनी जन्मभर जपला. जाळीची झाकणे, कुंड्या, काचेच्या नळ्या, जुने डबे यांपलीकडे त्यांची साधने फारशी गेलीच नाहीत.

१८५३ पासून ते आव्हिन्योंच्या शाळेत होते. येथेच शिकारी गांधीलमाश्यांचे त्यांचे पहिले मोठे काम झाले. ही माशी आपल्या अळीसाठी घरट्यात जे भुंगेरे साठवते ते आठवडे उलटले तरी कुजत नाहीत. ते मेलेले असून माशीच्या विषामुळे टिकतात, असा तोवरचा समज होता. फाब्र यांनी दाखवून दिले की ते मेलेले नसतातच. माशी नेमक्या मज्जागंडावर नांगी मारून त्यांना लुळे करते, आणि अळीला ताजे अन्न मिळत राहते. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीवर किंवा विजेच्या बटणाच्या खोबणीत मातीचे मडके थापणारी कुंभारमाशी हाच उद्योग करते. ते मडके फोडून आतल्या निपचित अळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला फाब्र यांचे कोडे सहज कळेल. डार्विन यांनीही आपल्या ग्रंथात या निरीक्षकाची आदराने नोंद घेतली. फाब्र यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही. हा त्यांचा हट्ट होता आणि तो चुकीचा होता. पण मतभेद असूनही दोघांत पत्रव्यवहार झाला, आणि त्यात कडवटपणा नव्हता.

शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्यूर्वी यांनी १८६७ मध्ये मुलींसाठी माध्यमिक पाठांची योजना आणली. तोवर फ्रान्समधील मुलींचे शिक्षण बहुतांशी मठांच्या हाती होते. फाब्र यांनी आव्हिन्योंच्या जुन्या सें-मार्सियाल मठाच्या इमारतीत संध्याकाळचे मोफत वर्ग सुरू केले. हवा म्हणजे काय, पाणी कशाचे बनते, वीज कोठून येते, असे विषय असत. समोर प्रत्यक्ष प्रयोग होत, टेबलावर खरी फुले आणि खरी फळे असत. खेड्यांतून, शेतांवरून मुली येऊ लागल्या, वर्ग भरून वाहू लागला. आणि एक दिवस फुलाचा धडा आला. परागकण केसरावरून कुक्षीवर कसे पोहोचतात आणि त्यातून बी कसे धरते, हे गुरुजींनी मुलींना सरळ शब्दांत सांगितले.

शहरातल्या धर्ममार्तंडांना एवढे पुरले. कुमारिकांसमोर फुलांचे गर्भाधान बोलणारा हा मास्तर नीतिभ्रष्ट ठरला. पाठबळ देणारे द्यूर्वी १८६९ मध्ये पदावरून गेले, वर्ग बंद पडले. फाब्र यांचे घर दोन वृद्ध, भाविक, अविवाहित बहिणींच्या मालकीचे होते. करारपत्र लेखी नव्हते. १८७० च्या सुमारास त्या बहिणींनी त्यांना महिनाभरात घर सोडायला सांगितले. पाच मुलांचा बाप, वर्षानुवर्षांच्या नोकरीनंतरही हाती शिल्लक नाही, आणि देश युद्धात सापडलेला. अशा वेळी धावून आले ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. पत्नीचे थडगे आव्हिन्योंत असल्याने मिल तेथे घर करून राहत, आणि वनस्पती गोळा करत फाब्र यांच्याबरोबर रानोमाळ भटकत. त्यांनी ३००० फ्रँक पाठवले, कागदाचा एक कपटा न मागता. फाब्र यांनी ते कर्ज पुढे फेडले.

ओरांजला बिऱ्हाड हलले आणि सरकारी नोकरी कायमची सुटली. आता चरितार्थ फक्त लेखणीवर. देलाग्राव्ह या प्रकाशकासाठी त्यांनी मुलांसाठी डझनावारी पुस्तके लिहिली: आकाश, पृथ्वी, वनस्पती, घरातल्या वस्तू, शेतीचे मित्र कीटक आणि शत्रू कीटक. बऱ्याच पुस्तकांत पोल काका भाचरांना गोष्टी सांगतात, आणि त्या पुस्तकी मुलांची एमील, जूल, क्लेर ही नावे फाब्र यांच्या स्वतःच्या मुलांची आहेत. ज्या गुरुजींना एका शहराने फुलाबद्दल बोलू दिले नाही, त्यांची पुस्तके आता देशभरच्या शाळांत वाचली जाऊ लागली.

जूल हा बापाचा खरा सोबती होता. त्याला कीटक आणि फुले यांची विलक्षण ओढ होती, नजर तर बापाहूनही तीक्ष्ण. १८७७ मध्ये, अजून मिसरूडही न फुटलेल्या वयात, तो गेला. दोन वर्षांनी फाब्र यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड निघाला. त्यात नव्याने वर्णन केलेल्या तीन गांधीलमाश्यांना त्यांनी जूलचे नाव दिले होते.

त्याच १८७९ साली त्यांना हवी होती ती जागा मिळाली. ओरांजजवळच्या सेरिन्यां गावात सुमारे एक हेक्टरची दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची पडीक जमीन. तिकडच्या बोलीत अशा जमिनीला आर्मास म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोल, पण माश्या आणि गांधीलमाश्यांच्या दृष्टीने स्वर्ग. पुढली छत्तीस वर्षे फाब्र येथेच राहिले आणि आठवणींचे दहा खंड येथेच पुरे झाले. या खंडांत एक गोष्ट वारंवार दिसते: प्रयोगात कोणी ना कोणी मूल असतेच. गवंडी माशीला घर कसे सापडते, हे पाहण्यासाठी फाब्र माश्यांच्या पाठीवर खुणेचा ठिपका लावून त्या काही किलोमीटर दूर नेऊन सोडत. घरट्यापाशी पहारा असे मुलगी अग्ले आणि तिच्या बहिणीचा. पहिल्या माश्या बापाच्या आधी घरी पोहोचल्या, ही बातमी अग्लेनेच धावत येऊन दिली. डार्विन यांनी पत्रातून सुचवले की माश्या आधी उलट दिशेला न्याव्यात, डबा गरगर फिरवावा, म्हणजे त्यांची दिशा चुकते का ते कळेल. फाब्र यांनी तेही केले. माश्या तरी परतल्याच.

शेणकिडा आपले अंडे शेणाच्या गोळ्यात कुठे आणि कसे ठेवतो, हे कोडे त्यांना अनेक वर्षे सुटत नव्हते. ते सोडवायला मदत झाली एका तरुण मेंढपाळाची. मेंढ्या चरत असताना या किड्यांवर नजर ठेव, असे त्याला सांगून ठेवले होते. जून महिन्यात एके दिवशी त्याने जमिनीतून उकरून एक सुबक, पेरूच्या आकाराची वस्तू आणली. नेहमी लोटत नेला जाणारा गोल गोळा हा किड्याचा शिधा असतो. अंडे असते ते या निमुळत्या टोकाच्या, जमिनीखाली घडवलेल्या गोळ्यात. कुजक्या मांसावर येणाऱ्या माश्यांचा अभ्यास चालू झाला तेव्हा शेजारपाजारची पोरे दोन-दोन पैशांच्या आशेने काठीवर मेलेला साप नि कोबीच्या पानात सरडा घेऊन दाराशी हजर होत. घरातल्या बाईमाणसांना त्या वासाचे काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर फाब्र यांनी साठीनंतर पुन्हा लग्न केले. त्या संसारातला मुलगा पोल हा म्हातारपणीचा मदतनीस. एका ६ मे च्या सकाळी घरात मोरपतंगाची एक भली मोठी मादी कोशातून बाहेर आली, तिला जाळीखाली ठेवले होते. रात्री नऊच्या सुमारास निजायच्या तयारीत असलेला पोल अर्धवट कपड्यांनिशी खुर्च्या पाडत, ओरडत धावत सुटला. त्याच्या खोलीत पाखरांएवढे पतंग घुसले होते. मेणबत्ती घेऊन बापलेक अभ्यासिकेत गेले तर जाळीभोवती नरांचे मोहोळ. त्या रात्री सगळे मिळून सुमारे चाळीस नर आले होते. इतक्या लांबून, अंधारातून ते आले कसे, याचा शोध फाब्र यांनी पुढे वर्षानुवर्षे घेतला. मादी काचेखाली बंद केली की नर येत नाहीत आणि ती जेथे बसली होती त्या रिकाम्या फांदीवर मात्र गर्दी करतात, हे त्यांनी अशाच जातीच्या दुसऱ्या एका पतंगावर सिद्ध केले. गंधाचा तो धागा रसायनशास्त्रज्ञांच्या हाती यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

कुंडीच्या काठावर चढलेल्या सुरवंटांची मिरवणूकही याच घरातली. जानेवारी १८९६ च्या अखेरीस पाइन झाडावरचे सुरवंट, एकामागे एक चालायची सवय असलेले, मोठ्या कुंडीच्या कडेवर गोलाकार फिरू लागले. पुढचा आणि मागचा असा भेदच उरला नाही. थंडीत गारठत, उपाशीपोटी, ते आठवडाभर तेथेच फिरत राहिले. फाब्र यांनी हिशेब मांडला: सुमारे ३३५ फेऱ्या. आणखी एका प्रयोगासाठी तर त्यांनी गावच्या उत्सवाच्या दोन उखळी तोफा मागून आणल्या आणि दारातल्या झाडांखाली उडवल्या. वर गाणाऱ्या सिकाडांवर काही परिणाम झाला नाही. त्यावरून हे कीटक बहिरे असावेत, असा कौल त्यांनी दिला. तो कौल चुकला. सिकाडांना ऐकू येते, मात्र तोफेचा आवाज त्यांच्या कानांच्या टप्प्यातला नव्हता.

शाळांतून त्यांची पुस्तके हळूहळू मागे पडली आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा गरिबीने गाठले. मग स्नेह्यांनी ३ एप्रिल १९१० रोजी आर्मासमध्ये त्यांचा सत्कार घडवून आणला, त्यातून ग्रंथांचा खप वाढला आणि तुटपुंजे का होईना निवृत्तिवेतन मिळाले. १९१३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे त्यांना भेटायला सेरिन्यांला आले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी फाब्र यांचे निधन झाले. पुढे त्यांची पुस्तके अनेक भाषांत गेली. जपानमध्ये तर त्यांचे नाव शाळकरी मुलांच्या तोंडी आहे, फ्रान्सपेक्षाही अधिक. आर्मास १९२२ मध्ये सरकारने विकत घेऊन निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे सोपवले. तेथे त्यांचे लिहिण्याचे छोटेसे अक्रोडी मेज, जाळ्या आणि काचेच्या बरण्या आजही आहेत.