कंदील पुसणारे गुरुजी



या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी साने गुरुजींचे चरित्र लिहिले आहे. मला ते फार आवडतात. ते मोठे लेखक होते, स्वातंत्र्यसैनिक होते. पण मला ते आवडतात ते त्यांच्या लहान लहान कामांमुळे.

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड गावी झाला. आईचे नाव यशोदा. घरी गरिबी होती, पण आईने मुलाला चांगले वळण लावले. एक गोष्ट त्यांनी ‘श्यामची आई’ या पुस्तकात लिहिली आहे. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली. ती तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीची होती, म्हणून कोणी मोळीला हात लावीना. तेव्हा आईने श्यामला पाठवले आणि मोळी तिच्या डोक्यावर उचलून द्यायला लावली. मोळी उचलायला कितीसा वेळ लागतो? पण ते काम त्या मुलाच्या मनात कायमचे राहिले.

पुढे गुरुजी खूप शिकले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. अमळनेर जळगाव जिल्ह्यात आहे. तिथल्या वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे होते. लांबून आलेली मुलं तिथं राहायची. घरची आठवण येऊन कुणी गप्प बसे, कुणाचं अंथरूण तसंच पसरलेलं, कुणाचे कपडे कोपऱ्यात पडलेले. दुसरे कोणी असते तर छडी घेतली असती. गुरुजी मुलांवर ओरडले नाहीत. मुले शाळेत गेली की ते गुपचूप खोल्या आवरायचे. अंथरुणाच्या नीट घड्या घालायचे, कपडे धुवायचे. कंदिलाच्या काचा काजळीने काळ्या झालेल्या असत, त्या पुसून लख्ख करायचे. कोणी आजारी पडले तर त्याच्या उशाशी बसायचे. मुलांना हे कळलं तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि ती आपापली कामं करू लागली. मुले गुरुजींना मनातले सगळे सांगत. गुरुजी त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढायचे. आपलं भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लिहिताना आपला हात दुखतो. ते रोज लिहीत!

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. काही दिवस ते दूर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथले कैदी दुसऱ्या भाषा बोलणारे. तिथे गुरुजींना वाटू लागले, की एकाच देशात राहून आपल्याला एकमेकांची भाषाच येत नाही, मग ओळख कशी होणार? म्हणून त्यांनी ‘कुरल’ हा जुना तमिळ ग्रंथ मराठीत आणला. एकमेकांच्या भाषा शिकून सगळ्या प्रांतांनी जवळ यावे, या विचाराला त्यांनी पुढे ‘आंतरभारती’ हे नाव दिले. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले.

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात तेव्हा दलितांना जाऊ देत नव्हते. एकाच गावात राहायचे, एकाच विठोबाचे नाव घ्यायचे, पण शेजाऱ्याला दारातच अडवायचे! गुरुजी काही महिने गावोगाव हिंडले आणि लोकांना समजावले. तरी दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. जीव गेला तरी चालेल अशी त्यांची तयारी होती. दहा दिवस झाले. शेवटी मंदिर सर्वांसाठी उघडायचे ठरले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. मला वाटतं, लहानपणी उचललेली मोळीच त्यांना पंढरपूरपर्यंत घेऊन गेली.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी ते आपल्याला सोडून गेले.

आपल्या गावात दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं येतात. फडाजवळ त्यांच्या कोप्या पडतात. ती चार-पाच महिने आपली शेजारीच असतात, पण आपल्याला त्यांची नावंसुद्धा माहीत नसतात. यंदा त्यांच्यातली एक मुलगी आमच्या वर्गात बसते. तिच्या पेन्सिलीला टोक नव्हतं, मी माझं शार्पनर दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला वाढ्याची पेंडी कशी बांधायची ते दाखवलं. आता मला तिचं गाव माहीत आहे, तिच्या धाकट्या भावाचं नाव माहीत आहे. ती पहाटे उठून, पाणी भरून मग शाळेत येते, हेही माहीत आहे.

म्हणून पालकहो, कोपीवरचं कोणी दारात पाणी मागायला आलं तर पाणी द्याच, पण नावही विचारा. आणि मित्रांनो, तुम्ही त्या मुलांना खेळात घ्या. उपोषण करणं आपल्याला जमणार नाही, पण कंदील पुसण्याएवढं काम आपल्यालाही जमेल.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा