डॉ. रखमाबाई : संमती आणि मालमत्ता

रखमाबाईंचे नाव भारतातील पहिल्या पिढीच्या स्त्री-डॉक्टरांमध्ये घेतले जाते. तरीही त्यांचे चरित्र वाचताना तुम्ही वैद्यकीय कार्यापूर्वीच्या एका खटल्याकडे अधिक लक्ष द्यावे. स्त्रीची विवाहाला असलेली संमती आणि तिच्या नावावरची मालमत्ता हे दोन प्रश्न त्यात एकमेकांत गुंतलेले आढळतील.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला रूढीची मान्यता होती. त्यानुसार आई जयंतीबाई यांनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. येथे कायद्याची एक बाजू ध्यानात घ्या. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येत असे. जयंतीबाईंनी विवाहापूर्वी ती मालमत्ता मुलीच्या नावे केली. अशा रीतीने रखमाबाई अजाण वयातच मालमत्तेच्या धनी झाल्या.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आला. दादाजींनी घरजावई म्हणून राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि ते मामाकडे राहू लागले. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, वाचत राहिल्या आणि नांदायला जाण्यास त्यांनी ठाम नकार दिला.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. हा दावा ज्या तत्त्वावर उभा होता, ते हिंदू धर्मशास्त्रातले नव्हते. ते इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इकडे आले होते. गंमत अशी की, असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने त्याच वर्षी रद्द केली. हिंदुस्थानच्या १८८२ च्या दिवाणी संहितेत मात्र ती कायम होती. मालमत्तेचा प्रश्नही लपून राहिला नाही. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरचे लोकच रखमाबाईंना फितवतात, असा दादाजींचा आरोप होता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. असहाय बालवयात लग्न लावून दिलेल्या मुलीला इच्छेविरुद्ध पतीच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात हा निर्णय टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. तोवर त्या समाजाला अपरिचित नव्हत्या. 'ए हिंदू लेडी' या नावाने बालविवाहाविरुद्ध त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लिहिलेली पत्रे गाजली होती. बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीका केली.

तुरुंगात जाण्याची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये २,००० रुपये स्वीकारून दादाजींनी आपला दावा सोडला. एका स्त्रीच्या नकाराला न्यायालयात नव्हे, तर तडजोडीत किंमत मिळाली, आणि ती रुपयांत मोजून द्यावी लागली.

पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले होते. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १८९५ पासून त्यांनी सुरतेत व पुढे राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे काम केले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

त्यांच्या खटल्यानंतर पेटलेल्या वादाच्या पार्श्वभूमीवर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर आणले. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली, परंतु मालमत्तेच्या जप्तीची राहिली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच्या नवव्या कलमात दादाजींनी केला तसाच दावा पती-पत्नी दोघांसाठी कायम ठेवलेला तुम्हाला दिसेल. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाईंचे मुंबईत निधन झाले. मुलीला वडिलांच्या संपत्तीत वारस मानणारा हिंदू उत्तराधिकार कायदा त्यांच्यानंतर, १९५६ मध्ये आला.