बादशाह फारूक आणि वीस डॉलरचं नाणं

इजिप्तचे बादशाह फारूक यांचं नाव निघालं की लोकांना त्यांच्या मेजवान्या, जुगार आणि लाल मोटारी आठवतात. आम्ही आज लिहितोय ते त्यांच्या दुसऱ्या शौकाबद्दल: सोन्याची दुर्मीळ नाणी.

फारूक यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९२० चा, कैरोतला. घराणं मुहम्मद अली पाशांचं. १९३६ मध्ये वडील, बादशाह फुआद, वारले तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा इंग्लंडमध्ये शिकत होता. वडिलांना अरबी धड येत नसे. फारूक मात्र रेडिओवरून लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलले. सुरुवातीला लोकांचा त्यांच्यावर खरंच जीव होता.

मग आली ४ फेब्रुवारी १९४२ ची रात्र. इंग्रजांनी आबदीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला आणि आपल्याला हवा तो पंतप्रधान नेमायला लावला. बादशाहाची किंमत काय, हे सगळ्या मुल्काला कळलं. आम्हाला वाटतं, ज्याला आपला वजीर निवडता येत नव्हता, तो नाणी निवडत बसला. अर्थात, शौक त्याआधीपासूनचा होता. तिकिटं, घड्याळं, नाणी, सगळंच जमा होत होतं.

नाणी जमवणाऱ्याचं दुखणं काय असतं बघा. एकाच प्रकारचं नाणं दरवर्षी निघतं, त्याला प्रत्येक सालचं हवं असतं. एक साल नसलं की संग्रहातला तो खळगा रिकामा दिसतो, आणि मग बाकीच्या शंभर नाण्यांकडे लक्षच जात नाही. अमेरिकेच्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांत, ज्याला ‘डबल ईगल’ म्हणतात, असं छळणारं साल होतं १९३३.

हे नाणं आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाहून जरासं मोठं, वजन सुमारे ३३ ग्रॅम. त्या वर्षी अशी ४,४५,५०० नाणी पाडली गेली. पण रूझवेल्ट सरकारने लोकांनी सोनं बाळगण्यावरच बंदी आणली आणि ती बाजारात आलीच नाहीत. १९३७ मध्ये ती वितळवली गेली. दोन संग्रहालयासाठी ठेवली. काही मात्र टांकसाळीतून गुपचूप बाहेर पडली होती.

१९४४ मध्ये टेक्सासच्या एका व्यापाऱ्याने त्यातलं एक फारूक यांना १,५७५ डॉलरला विकलं. इजिप्तच्या वकिलातीने ते देशाबाहेर न्यायला रीतसर परवाना मागितला आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो देऊनही टाकला! चूक लक्षात येईपर्यंत काही दिवस गेले. बाकीच्या मालकांकडची नाणी सरकारने एकेक करून जप्त केली. बादशाहाकडून मात्र, महायुद्ध चालू असताना, कोण मागणार?

आपल्या घरांत सोनं म्हणजे अडीनडीची पुंजी, त्याची जकातही काढायची असते. फारूक यांना कसली अडचण नव्हती. शाही घराण्याकडे अफाट शेतजमीन होती, आणि त्याच नाईलच्या काठचा शेतमजूर अनवाणी राबत होता, दूषित पाण्यातल्या रोगाने खंगत होता. आमची तक्रार शौकाबद्दल नाही, या हिशेबाबद्दल आहे.

१९४८ ची पॅलेस्टाईनची लढाई हरली. सैनिकांना खराब हत्यारं दिल्याचे आरोप राजवाड्यापर्यंत पोहोचले. २३ जुलै १९५२ ला फौजी अफसरांनी सत्ता घेतली आणि तीन दिवसांनी फारूक अलेक्झांड्रियाहून ‘महरूसा’ जहाजातून निघाले. त्यांचे आजोबा इस्माईल १८७९ मध्ये याच जहाजातून परागंदा झाले होते. नाणी मागेच राहिली.

नव्या सरकारने १९५४ मध्ये कैरोच्या कुब्बा राजवाड्यात सगळ्याचा लिलाव मांडला. सोन्याची नाणी आणि पदकं मिळून ८,५०० च्या वर होती. वर्षानुवर्षं एकेक करून शोधलेली नाणी घाईघाईत जुडग्यांनी विकली गेली. १९३३ चं नाणंही यादीत होतं. अमेरिकेने हरकत घेतली, ते बाजूला काढलं गेलं आणि त्यानंतर गायबच झालं.

फारूक यांचा इंतेकाल १८ मार्च १९६५ ला रोममध्ये झाला, एका रात्री जेवणानंतर, वयाच्या ४५ व्या वर्षी. रिफाई मशिदीत वडिलांजवळ दफन व्हावं ही त्यांची इच्छा तेव्हा मानली गेली नाही. ती बऱ्याच वर्षांनी, सादात यांच्या काळात पुरी झाली.

नाणं १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याकडे सापडलं. त्याला अटक झाली, खटला चालला, शेवटी समझोता झाला. हे फारूक यांचंच, असं मानून २००२ मध्ये ते ७५ लाख ९० हजार डॉलरला विकलं गेलं. वर आणखी वीस डॉलर घेतले, कारण सरकारने ते चलन म्हणून कधी दिलेलंच नव्हतं. नंतर त्याच सालची दहा नाणी फिलाडेल्फियाच्या एका कुटुंबाकडे निघाली. ती सरकारने ठेवून घेतली आणि कोर्टानेही तेच मान्य केलं. त्या कुटुंबाकडे १९४४ चा परवाना नव्हता.