चार टक्के व्याजाचे कर्ज

१० जुलै १९७३ रोजी पहाटे रोममधील एका चौकातून सोळा वर्षांच्या मुलाला पळवून नेण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी अपहरणकर्त्यांनी १ कोटी ७० लाख डॉलर मागितले. रक्कम प्रचंड होती. परंतु मुलाचा आजोबा जीन पॉल गेटी हा जगातील सर्वांत धनाढ्य गणल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी एक असल्यामुळे अपहरणकर्त्यांचा हिशेब पैशाच्या बाबतीत तरी चुकला नव्हता. तो चुकला आजोबाच्या बाबतीत.

गेटीचा जन्म १८९२ चा, अमेरिकेतील मिनीआपोलिसचा. बाप वकिली सोडून तेलाच्या धंद्यात शिरलेला. १९१६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मुलाने आपले पहिले दहा लाख डॉलर मिळविले. मुलाचे एकामागून एक मोडणारे संसार बापाला रुचले नाहीत. १९३० मध्ये तो वारला तेव्हा सुमारे एक कोटीच्या इस्टेटीपैकी मुलाच्या वाट्याला पाच लाखच आले. गेटी खचला नाही. मंदीत पडेल भावाने त्याने तेल कंपन्यांचे शेअर घेतले. १९४९ मध्ये सौदी अरेबिया व कुवेत यांच्यामधील ओसाड पट्ट्यासाठी ९५ लाख डॉलर रोख मोजले आणि तेल लागेपर्यंत चार वर्षे पैसा वाळूत ओतला. १९५७ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्याला अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत माणूस ठरविले. ही जिद्द, हा अभ्यास कोणी नाकारू नये.

परंतु हाच धीर घरच्या माणसांसाठी त्याच्यापाशी नव्हता. पाच विवाह झाले आणि पाचही घटस्फोटात संपले. धाकटा मुलगा टिमी मेंदूतील गाठीने आजारी होता, तेव्हा गेटी युरोपात होता. औषधोपचारावरील खर्चाबद्दल त्याने केलेली कुरकुर पाचव्या पत्नीने पुढे आपल्या आठवणींत नोंदविली आहे. १९५८ मध्ये बारा वर्षांचा टिमी गेला. बाप अंत्यविधीलाही आला नाही. पुढल्याच वर्षी त्याने इंग्लंडमधील सटन प्लेस हा जुना प्रासाद विकत घेतला आणि तेथे पाहुण्यांसाठी नाणे टाकून चालणारा टेलिफोन बसविला. त्याचे समर्थनही त्याच्याजवळ होते: लोक फुकटात परदेशी फोन करीत! ते खरेही असेल. गेटीचा प्रत्येक हिशेब असाच बिनचूक असे.

नातवासाठी खंडणी नाकारतानाही त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता. एकासाठी पैसे दिले तर उरलेली चौदा नातवंडे धोक्यात येतील, असे त्याचे म्हणणे. पोलिसांनाही कदाचित ते पटले असते. नोव्हेंबरमध्ये रोमच्या एका वृत्तपत्राकडे टपालाने पाकीट आले. टपाल खात्याच्या संपामुळे ते वाटेत कित्येक दिवस पडून राहिले होते. त्यात मुलाच्या केसांची बट आणि कापलेला कान होता. तेव्हा कोठे आजोबा हलला. सौदा सुमारे तीस लाखांच्या आत तुटला. त्यांपैकी २२ लाख गेटीने स्वतः दिले, कारण तेवढ्याच रकमेवर प्राप्तिकरात सूट मिळत होती. वरची रक्कम त्याने आपल्या मुलाला, म्हणजे त्या अपहृत मुलाच्या बापाला, सालीना चार टक्के व्याजाने कर्जाऊ दिली. चौदा नातवंडांच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद येथे संपतो. करसवलतीला आणि व्याजाला तो लागू पडत नाही.

मुलगा सुटला तो १५ डिसेंबर रोजी. योगायोगाने तो गेटीचा एक्क्याऐंशीवा वाढदिवस होता. आईच्या सांगण्यावरून मुलाने आभार मानण्यासाठी सटन प्लेसला फोन केला. आजोबा फोनवर आला नाही. त्या मुलाच्या आयुष्याची घडी पुन्हा कधी नीट बसली नाही. १९८१ मध्ये मादक द्रव्यांच्या व औषधांच्या अतिसेवनाने तो लुळा व जवळजवळ आंधळा झाला आणि तशाच अवस्थेत २०११ पर्यंत जगला.

गेटी ६ जून १९७६ रोजी सटन प्लेस येथे निवर्तला. मृत्युपत्राला त्याने वेळोवेळी एकवीस पुरवण्या जोडल्या होत्या. कोणावर मर्जी, कोणावर खप्पामर्जी, हे त्या पुरवण्यांतून घरच्यांना कळावयाचे. संपत्तीचा फार मोठा भाग त्याने कॅलिफोर्नियातील आपल्या कलासंग्रहालयाला ठेवला. प्राचीन रोमन हवेलीच्या धर्तीवर उभारलेली त्याची इमारत १९७४ मध्ये खुली झाली होती. ती त्याने केवळ छायाचित्रांत आणि नकाशांत पाहिली. तेथे तो एकदाही गेला नाही.